तळेगावचा जमाखर्च आणि त्याचे वाचक

शाहू महाराजांच्या निधनाला वर्षही पुरे झाले नव्हते, तोच इसवी सन १७५० च्या नोव्हेंबर महिन्यात तळेगावच्या उमाबाई दाभाडे आणि बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांची आळंदी येथे भेट झाली. आणि दोन मातब्बर घराण्यांच्या जुन्या वैराचे, मानापमानाचे व रुसव्याफुगव्यांचे जे पदर त्या भेटीभोवती गुंडाळले गेले आहेत ते बाजूला सारून पाहिले, तर तिच्या गाभ्याशी एका हिशेबाचा तंटाच आढळतो. खंडेराव दाभाड्यांना १७१७ साली शाहू महाराजांकडून सेनापतिपद मिळाले, तेव्हापासून गुजराथचा मुलूख हे तळेगावकरांच्या पराक्रमाचे आणि उत्पन्नाचेही क्षेत्र होऊन बसले होते. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या रणांगणावर खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव पहिल्या बाजीरावाच्या फौजेशी लढताना पडले, आणि त्यानंतर महाराजांच्या मध्यस्थीने जी तोडजोड झाली तिच्यात गुजराथच्या वसुलापैकी निम्मा ऐवज सरकारात भरण्याची अट दाभाड्यांवर पडली. ती अट कागदावरच राहिली. पती आणि पुत्र दोघेही गमावलेल्या त्या करारी स्त्रीकडे महाराजांनी कधी तगादा लावला नाही. पण त्यांच्या पश्चात कर्जाने गांजलेल्या पेशव्यांनी थकलेल्या निम्म्या हिश्श्याची गोष्ट काढली, तेव्हा बाजीरावांनी जुलमाने घातलेली अट आपणांस मुळीच बंधनकारक नाही असा जबाब उमाबाईंनी दिला. पुढल्याच वर्षी त्यांच्या बाजूने दमाजी गायकवाड गुजराथेतून चालून आले, साताऱ्याच्या परिसरात कोंडले गेले आणि कैद झाले. दाभाडेही पेशव्यांच्या नजरकैदेत पडले. आणि अखेरीस गुजराथचा निम्मा वसूल पुण्याच्या खजिन्याकडे वळला.

या प्रकरणात हिशेब जाणणारी माणसे दोन्ही पक्षांकडे विपुल होती, त्यांचे कारकून निष्णात होते, आणि रुपयाआण्यांची नोंद दोन्हीकडच्या दफ्तरांत चोख होत होती. तथापि ज्या रयतेच्या शेतांतून तो रुपया निघाला, तिने ही जमा किती आणि हिचा खर्च कशावर असे विचारावे, अशी जागा तळेगावच्या वाड्यात नव्हती आणि शनिवारवाड्यातही नव्हती. सार्वजनिक द्रव्याचा हिशेब लिहून ठेवणे निराळे आणि ज्याचे द्रव्य त्याला तो हिशेब वाचू देणे निराळे. पहिली गोष्ट आमच्याकडे फार पूर्वीपासून उत्तम साधलेली होती. दुसरीला आळंदीच्या भेटीपासून धरले तरी अडीचशे वर्षे लागली, आणि त्या प्रवासातले कित्येक टप्पे या एकाच गावाच्या शिवारातून किंवा त्याच्या अगदी जवळून गेलेले आहेत.

पेशवाईतील हिशेबपद्धतीविषयी आदर वाटावा असे पुष्कळ काही आहे. मामलेदार परगण्यावर जाण्यापूर्वीच वर्षाचा अजमास ठरे, कोणत्या बाबीवर किती खर्च करावयाचा त्याचा बेहडा त्याला हुजुरातून मिळे, आणि वर्षअखेर त्याने आणलेल्या हिशेबाची फडात बारकाईने तपासणी होई. शिवाय मामलेदाराच्या हाताखाली म्हणून जे दरखदार असत, म्हणजे दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सबनीस आणि चिटणीस, त्यांना मामलेदाराने नेमलेले नसे व त्याला ते काढताही येत नसत. त्यांच्या कागदांशी मेळ बसल्यावाचून मामलेदाराचा हिशेब मान्य होत नसे. एका अधिकाऱ्याच्या लेखणीवर दुसऱ्याच्या लेखणीचा पहारा बसविण्याची ही योजना आजच्या लेखापरीक्षकालाही कौतुकाची वाटावी.

पण पहारेकरी जेथे राजाचेच असतात तेथे पहारा विकत घेता येतो, हेही याच व्यवस्थेने दाखवून दिले. पेशवाई बुडाल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जे अहवाल लिहिले त्यांत दरबारखर्चाची मोठी उद्बोधक हकीकत आली आहे. मंत्र्यांचे आणि हिशेब तपासणाऱ्यांचे तोंड बंद ठेवण्यासाठी मामलेदार प्रथम गुपचूप जो पैसा देत, तोच कालांतराने रूढ होऊन उघड खर्चाच्या सदरात दाखल झाला आणि इतर बाबींप्रमाणे त्याचीही रीतसर तपासणी होऊ लागली; आणि ती तपासणी सौम्य व्हावी म्हणून आणखी एक गुप्त रक्कम काढणे ओघानेच आले. लाचेचा हिशेब चोख राहावा म्हणून नवी लाच, असा हा प्रकार होता. गावपातळीवर याचेच लहान रूप गावखर्चाच्या नावाने चाले. देवस्थानचा उत्सव, आल्यागेल्या शिपायांचा शिधा, ब्राह्मणांची दक्षिणा, तमासगिरांची बिदागी असे सर्व काही पाटील-कुलकर्णी त्यात मांडीत आणि तो बोजा पट्टीच्या रूपाने गावावर बसवीत. एवढे मात्र खरे की, गावखर्च गावाच्या डोळ्यांसमोर होई. उत्सव झाला की नाही हे कुणब्याला कुलकर्ण्याच्या चोपडीवाचून कळत होते. खर्च दूर जाऊ लागला, तसतशी चोपडी वाचण्याची गरज वाढत गेली.

इंग्रजी अंमलात खर्च दूर गेला, आणि गंमत अशी की, याच अंमलात तो जवळही आला. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी धावू लागली, आणि ज्या गावाच्या जवळच १७७९ साली इंग्रजी फौजेला महादजी शिंद्यांनी माघार घ्यावयास लावून वडगावचा तह करावयास भाग पाडले होते, त्या तळेगावाला स्टेशन मिळाले. पाठोपाठ १८६६ साली तळेगाव दाभाडे येथे नगरपालिका स्थापन झाली. राज्यातील अतिशय जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. मात्र त्या काळच्या नगरपालिकेवर कलेक्टरसाहेबांची व त्यांच्या हाताखालच्या अंमलदारांची छाया असे, सभासद सरकारनियुक्त असत, आणि गावाने पट्टी भरावी व रस्त्यावरचे दिवे पाहून समाधान मानावे एवढाच गावकऱ्याचा तिच्याशी संबंध येई. योगायोग असा की, याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १७६६ साली, स्वीडन देशाने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा करून सरकारी दफ्तरातील कागद पाहण्याचा अधिकार आपल्या नागरिकांना दिला होता. तळेगावच्या करदात्याला तसा हक्क मिळावयाला आणखी जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागणार होती.

तथापि हिशेब मागण्याची वृत्ती कायद्याची वाट पाहत बसत नाही. पुण्याच्या पर्वती संस्थानाचा कारभार पंचांच्या हाती होता आणि त्याविषयी लोकांच्या मनात असंतोष साठला होता. त्या असंतोषातूनच २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेचा जन्म झाला. पुढे जी संस्था देशाच्या राजकारणातली एक आद्य संस्था ठरली तिचे मूळ एका देवस्थानच्या जमाखर्चाविषयीच्या तक्रारीत असावे, ही घटना आमच्या राजकीय इतिहासकारांनी दिली आहे त्याहून अधिक लक्ष देण्याजोगी आहे. सभेच्या संस्थापकांनी आणखी एक शहाणपणा केला. आपण लोकांच्या वतीने बोलतो असे नुसते म्हणून न थांबता सभासदाने लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे असा त्यांनी नियम केला. आणि सुमारे सहा हजार लोकांच्या मुखत्यारीवर पंचाण्णव सभासद निवडले गेले. हिशेब विचारणाऱ्याच्या पाठीशी माणसे उभी असली पाहिजेत, ही जाण त्या नियमात होती.

अशी पाठराखण नसली म्हणजे काय होते, ते महात्मा जोतीराव फुल्यांच्या उदाहरणावरून दिसते. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्च करावेत असा ठराव नगरपालिकेत आला. शहरातील गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि लाटसाहेबांच्या कमानींना आहे, हे जोतीरावांना मानवेना. त्यांनी विरोध केला, आणि मतदानाच्या वेळी त्या विरोधात सबंध सभेत ते एकटे उरले. ठराव अर्थातच मंजूर झाला. विधान असे करता येईल की, हजार रुपयांचा तो ठराव आज कोणाच्या लक्षात राहण्याचे कारण नव्हते. तो लक्षात राहिला तो त्या एका विरुद्ध मतामुळे.

त्याच सुमारास खेड्यातील पैशाचाही एक मोठा प्रश्न उभा राहिला होता. १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होऊ लागला, आणि त्याचे तीन भाग करून दोन भाग रस्ते वगैरे कामांस व एक भाग शिक्षणास द्यावा अशी वहिवाट पडली. मावळातला भातशेती करणारा कुणबी हा आणा भरी, पण त्यातून झालेली सडक कोणाच्या बग्गीसाठी आणि निघालेली शाळा कोणाच्या मुलांसाठी, हे त्याला कोणी सांगत नसे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात रयतेने भरलेल्या पैशाचा लाभ वरच्या वर्गांनाच मिळतो असे दाखवून लोकल फंडाचा किमान अर्धा भाग प्राथमिक शिक्षणावर खर्च करण्याची मागणी त्यांनी केली. जमा कोणाकडून आणि खर्च कोणासाठी, ही दोन सदरे शेजारी मांडून वाचण्याची रीत महाराष्ट्रात प्रथम कोणी शिकविली असेल तर ती त्यांनी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा सुप्रसिद्ध ठराव निघाला, १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तालुका व जिल्हा लोकल बोर्डे आली, आणि निवडून आलेला सभासद नावाचा प्राणी प्रथमच जिल्ह्याच्या खर्चाच्या मेजाशी येऊन बसला. पुढे पुण्यातीलच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ साली विलायतेत वेल्बी आयोगापुढे आणि १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात सरकारच्या आकड्यांनीच सरकारचा पराभव कसा करावा याचा धडा घालून दिला. अंदाजपत्रक हे विद्वानाने अभ्यासावे असे वाङ्मय आहे, ही समज तेव्हापासून रुजली. ते सामान्यानेही वाचावे, ही समज रुजावयाची होती.

तळेगावाने मात्र याच काळात एक निराळाच प्रयोग पाहिला. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या मनाने असे घेतले की, दर माणशी एक पैसा मागावा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी या पैसाफंडाला पाठबळ दिले, स्वदेशीच्या लाटेत स्वयंसेवकांनी गावोगाव फिरून तांब्याचे पैसे जमविले, आणि १९०८ साली तळेगाव येथे त्या द्रव्यातून काचेचा कारखाना निघाला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची सुरुवातीची व्यवस्था पाहिली. तेथे शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी पुढे देशभर काचेच्या भट्ट्या चालविल्या. या फंडाचे वैशिष्ट्य त्याच्या रकमेत नव्हते, त्याच्या विभागणीत होते. एखाद्या धनिकाने लाख रुपये दिले तर हिशेब विचारणारा एकच असतो आणि त्याचे समाधान दिवाणखान्यात करता येते. पण एक पैसा देणारे असंख्य असले, तर त्यांचे समाधान करण्याचा मार्ग एकच राहतो, आणि तो म्हणजे काम उघड्यावर मांडणे. ज्याला शंका असेल त्याने आगगाडीने तळेगावला उतरावे आणि आपल्या पैशाची भट्टी पेटलेली आपल्या डोळ्यांनी पाहावी, इतके हे प्रकरण उघडे होते. वर्गणी ही ऐच्छिक आणि कर हा सक्तीचा, एवढाच त्यात आणि नगरपालिकेच्या पट्टीत फरक. आणि सक्तीने घेतलेल्या पैशाचा हिशेब ऐच्छिक पैशाच्या हिशेबाहून अधिक उघडा असावा, असे न्यायाने म्हटले पाहिजे. प्रत्यक्षात उलटे घडत आले.

स्वातंत्र्यानंतर खर्चाचे प्रमाण पालटले. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. शाळा, दवाखाने, पाझर तलाव, ग्रामीण रस्ते, शेती आणि पशुसंवर्धन यांचा पैसा आता पुण्यात जिल्हा परिषदेच्या इमारतीतून आणि वडगाव मावळच्या पंचायत समितीतून खाली वाहू लागला. तळेगावाच्या नगरपालिकेला १९६५ च्या अधिनियमाने नगर परिषदेचे नवे रूप आले. हिशेबाची बाजूही कायद्याने पक्की केली होती. १९३० च्या कायद्याने चालत आलेली स्थानिक निधी लेखापरीक्षा होती. जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी होता. ग्रामपंचायतीने वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा असे १९५८ च्या अधिनियमात स्पष्ट लिहिले होते. आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून लेखापरीक्षकांच्या आक्षेपांची झडती घेत असे.

एवढा बंदोबस्त असता हिशेब लोकांपर्यंत का पोहोचत नव्हता, याचे उत्तर त्या बंदोबस्ताच्या घडणीतच आहे. एका लहान रस्त्याचे उदाहरण घ्यावे. त्याचे अंदाजपत्रक तयार होते, तांत्रिक मान्यता मिळते, निविदा निघते, ठेकेदाराला कार्यादेश जातो, कनिष्ठ अभियंता झालेल्या कामाची लांबीरुंदी मोजमाप पुस्तिकेत लिहितो, त्यावरून देयक तयार होते, आणि देयकाचे प्रमाणक रोखवहीला जोडले जाते. लेखापरीक्षक येतो तेव्हा तो बहुधा हे सारे कागद पाहतो. रस्ता पाहत नाही. रस्ता पाहतो तो गावकरी, आणि त्याला कागद पाहू दिला जात नाही. कागद आणि रस्ता या दोहोंची गाठ ज्याच्या डोळ्यांत पडू शकते असा एकच माणूस व्यवस्थेत होता, आणि नेमका तोच व्यवस्थेबाहेर ठेवला होता. लेखापरीक्षकाचे आक्षेप निघत, अनुपालनाचे खुलासे जात, वसूलपात्र रकमांच्या याद्या लांबत, आणि तोवर अधिकाऱ्याची बदली, ठेकेदाराचा दुसरा ठेका आणि रस्त्यावरची दुसरी खडी या तिन्ही गोष्टी उरकलेल्या असत. पेशवाईतील दरखदारांप्रमाणेच हाही कागदाने कागदावर ठेवलेला पहारा होता.

ही गाठ घालून देण्याचे श्रेय प्रथम राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेला द्यावे लागते. १९९४ च्या अखेरीस कोटकिराना येथे भरलेल्या जनसुनावणीत अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाच्या हजेरीपटावरची नावे गावासमोर मोठ्याने वाचून दाखविली. कागदावर मजुरी घेतलेल्यांची खरी हकीकत ऐकणाऱ्या गर्दीतच बसलेली होती. महाराष्ट्रात हा लढा राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी हाती घेतला. २००० सालचा राज्याचा पहिला कायदा दुबळा ठरला, २००२ मध्ये नवा अध्यादेश व कायदा आला, आणि ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावरील हजारे यांच्या उपोषणाच्या वेळी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ रोजी केंद्राचा माहिती अधिकार कायदा देशभर अंमलात आला आणि पहिला अर्ज त्याच दिवशी पुण्यात दाखल झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला जोडपत्र ‘अ’ मधील अर्ज, पानाला दोन रुपये, उत्तरासाठी तीस दिवस, आणि उत्तर न आले तर अपील: इतक्या स्वस्तात सरकारी दफ्तराचे दार उघडण्याची सोय या देशात पूर्वी कधीही नव्हती.

तळेगाव आणि मावळ यांना ही सोय एका विशिष्ट घडीला मिळाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे सुरू झाला होता, चाकणची औद्योगिक वसाहत पसरत तळेगावाकडे येत होती, २००८ साली जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना गावाच्या परिसरात चालू झाला, आणि ज्या भातखाचरांना कालपर्यंत पोटापुरता दर होता त्यांचा भाव एकाएकी एकरांतून गुंठ्यांत आणि गुंठ्यांतून चौरस फुटांत मोजला जाऊ लागला. जेथे जमिनीला असा भाव येतो तेथे सातबारा, फेरफार, बांधकामाचे परवाने आणि आरक्षणे यांच्या कागदांना सोन्याचे मोल चढते, आणि त्याबरोबर ते कागद न दाखविण्यालाही.

तळेगाव दाभाड्याचे रहिवासी सतीश शेट्टी हे हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलनाचे कार्यकर्ते होते. रेशनची व्यवस्था, बेकायदा बांधकामे आणि मावळातील जमिनींचे व्यवहार यांविषयी ते वर्षानुवर्षे कागद मागवीत, जुळवीत आणि तक्रारी करीत. ऑक्टोबर २००९ मध्ये मोठ्या जमीन-व्यवहारांत बनावट कागदपत्रे वापरली गेल्याची तक्रार त्यांनी पोलिसांत दिली, आणि जिवाला धोका असल्याचे सांगून संरक्षणही मागितले. ते त्यांना मिळाले नाही. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी तळेगावातच त्यांच्यावर शस्त्रांनी हल्ला झाला आणि त्यांचा अंत झाला. मुंबई उच्च न्यायालयाने या हत्येची स्वतःहून दखल घेतली, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, तो एकदा बंद झाला, पुन्हा उघडला आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद करण्यासाठी न्यायालयासमोर आला. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या फायलींचा शेवट मागितला, त्याच्या स्वतःच्या फायलीला शेवट मिळाला नाही.

या घटनेकडे केवळ एका शूर पुरुषाचे बलिदान म्हणून पाहण्याचा मोह होतो, आणि त्या शौर्याला वंदन केलेच पाहिजे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्यापुढे जाऊन ती घडण्याची कारणे पाहावयास हवीत. माहिती अधिकाराच्या कायद्यातील चौथे कलम असे सांगते की, अंदाजपत्रके, खर्च, सवलती, परवाने, निर्णयाची पद्धत यांसंबंधीची माहिती कार्यालयाने, कोणी मागण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजे. हे कलम मनापासून पाळले गेले असते, तर मावळातील कागद सर्वांच्याच समोर असते आणि ते वाचणारा एखादाच माणूस म्हणून ओळखला गेला नसता. प्रत्यक्षात माहिती मागावी लागते. मागणाऱ्याला अर्जावर नाव आणि पत्ता लिहावा लागतो. आणि अशा रीतीने सार्वजनिक हिताचा प्रश्न एका व्यक्तीचा खासगी हट्ट होऊन बसतो. जोतीरावांचे एकटे मत आणि शेट्टी यांचा एकटा अर्ज यांच्यामध्ये एकशेतीस वर्षांचे अंतर आहे, पण एकटेपण तेच आहे; फक्त त्याची किंमत वाढली. गुपिते उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेने केला, तोही अंमलात आणण्याची अधिसूचना निघण्याची वाट पाहत पडून राहिला.

या काळात आशेला जागा देणाऱ्या गोष्टीही घडल्या. पुणे महानगरपालिकेत आयुक्त महेश झगडे यांच्या कारकिर्दीत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अर्जावाचून फायली पाहू देण्याची प्रथा सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालयांना व स्थानिक स्वराज्य संस्थांना हीच वेळ मोकळी ठेवण्यास सांगितले. वरवर पाहता ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तीत शेट्टी यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सोमवारी दुपारी दहा माणसे दहा फायली चाळत बसली, तर कोणती फाइल कोणाला खुपते याचा माग काढणे कठीण होते, आणि फाइल पाहणे हे धाडस न राहता वहिवाट होते. याच्या उलट वाराही वाहिला. आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्यामुळे २०२२ पासून काही वर्षे राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा व नगर परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या सहीत सामावले, आणि खर्चाला उघड विरोध नोंदविण्याची जी जागा १८८० साली निदान एका जोतीरावाला तरी उपलब्ध होती, तीही तेवढ्या काळापुरती नाहीशी झाली. प्रशासक प्रामाणिक असेल. पण सभागृहात विचारला जाणारा प्रश्न हा अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नसतो, हेच त्याचे मोल.

आळंदीच्या भेटीपासून आजवरचा हा पल्ला पाहिला म्हणजे एक निष्कर्ष टाळता येत नाही. हिशेब लिहिणारे चांगले असणे पुरेसे नाही, तपासणारे निष्ठुर असणेही पुरेसे नाही, आणि विचारणारा एखादा निर्भय असणे तर मुळीच पुरेसे नाही. सार्वजनिक सभेने सहा हजारांच्या सह्या घेऊन आणि पैसाफंडाने अनेकांचा एकेक पैसा घेऊन जे साधले, ते आजच्या नगर परिषदेला व जिल्हा परिषदेला कायद्याच्या आधाराने अधिक सुलभपणे साधता येण्याजोगे आहे. प्रत्येक प्रभागाच्या कामाचे अंदाजपत्रक, ठेकेदाराचे नाव, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दिलेले देयक एवढे चार कागद कामाच्या जागीच फलकावर लावावेत, ग्रामसभेत व प्रभागसभेत ते मोठ्याने वाचावेत, आणि वाचताना रस्ता समोर असावा. तसे झाले तर माहितीचा अर्ज करण्याची वेळ क्वचितच येईल, आणि आलीच तर तो अर्ज करणाऱ्याच्या मागे त्याचे सगळे शेजारी उभे असतील. हे काम नगरसेवकाचे जेवढे आहे तेवढेच करदात्याचेही आहे. कारण वाचण्याचा अधिकार मिळूनही जे गाव वाचत नाही, त्याच्या वतीने वाचणाऱ्या एकट्याला ते गाव संकटात लोटीत असते.